एका रुपयाला पंधरा दिवस, करवंदवालीला किती?

३१ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकील प्रशांत भूषण यांना अवमानाबद्दल एक रुपया दंड ठोठावला आणि तो भरायला १५ सप्टेंबरपर्यंत मुदत दिली. ११ जुलै २०२२ रोजी त्याच न्यायालयाने, बँकांची हजारो कोटींची कर्जे थकवून लंडनला जाऊन बसलेल्या विजय मल्ल्याला चार महिन्यांची कैद आणि दोन हजार रुपये दंड सुनावला. दंड भरायला चार आठवडे दिले. दिले ते योग्यच केले. आमचा सवाल एवढाच, की ही सवलत दिल्लीतच का संपते? बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या कोर्टापर्यंत, लोंढ्याच्या फलाटापर्यंत ती का पोचत नाही?

लोंढा जंक्शन म्हणजे बेळगाव, हुबळी आणि गोवा या तीन वाटांचा सांधा. उन्हाळ्यात रानातली करवंदे-जांभळे द्रोणात भरून एखादी बाई डब्यात चढते. पाटीतला सगळा माल खपला तरी हाती येणार ती दिवसाची मजुरी. १९८९च्या रेल्वे कायद्याने मात्र विनापरवाना विक्रीला एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड लिहून ठेवला आणि खास कारण नसेल तर दंड हजाराच्या खाली उतरू नये, अशी अटही घातली. दंड थकला तर कमाल कैदेच्या चौथ्या हिश्शापर्यंत, म्हणजे तीन महिन्यांपर्यंत, तुरुंग! करवंदे विकल्याबद्दल नव्हे हो; हजार रुपये जवळ नसल्याबद्दल!

आणि गंमत अशी, की कायदा इतका निर्दय नाहीच. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२४ मध्ये स्पष्ट लिहिले होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ मध्येही तेच आहे: नुसता दंड झाला असेल आणि तो तिथल्या तिथे भरता येत नसेल, तर न्यायालय तीस दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते, किंवा जास्तीत जास्त तीस-तीस दिवसांच्या अंतराने दोन-तीन हप्ते बांधून देऊ शकते. तोवर जातमुचलक्यावर माणसाला घरी सोडता येते. हप्त्यातला काही भाग भरला, तर दंड थकल्याबद्दलची कैदही त्या प्रमाणात कमी होते. पण ही सोय ठाऊक कोणाला? ज्याच्याजवळ वकील आहे त्याला. ज्याला वकील परवडतो, त्याला मुदतीची फारशी गरज नसते. ज्याला गरज असते, तो पिंजऱ्यात हात जोडून उभा राहतो, मान खाली घालून ‘चुकलं साहेब’ म्हणतो आणि गावातल्या सावकाराकडे नाहीतर बचत गटाच्या पेटीकडे धाव घेतो. सरकारचा दंड एकदाच वसूल होतो. सावकार तो व्याजासकट वर्षभर वसूल करतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली शांतिलाल खटल्यात बजावले, की दंड न भरल्याबद्दलची कैद ही मूळ शिक्षा नव्हे आणि ती ठरवताना आरोपीची आर्थिक स्थिती पाहिली पाहिजे. पाहतो कोण? ‘आज भरता येईल का?’ एवढा एक प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागतो? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सांगितले, की केवळ गरिबीमुळे दंड थकला म्हणून कोणाला तुरुंगात टाकू नये. फिनलंडने तर १९२१ पासून दंडच कमाईच्या हिशेबाने लावला. आमच्याकडे टपरीवाल्याला आणि टोलेजंग बंगलेवाल्याला एकच आकडा, आणि याला म्हणायचे कायद्यापुढील समानता!

केंद्र सरकारला याची जाणीव नाही असेही नाही. २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना निघाली. दंडाअभावी तुरुंगात अडकलेल्याचे २५ हजारांपर्यंत पैसे सरकार भरते. म्हणजे आधी माणसाला बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या कारागृहात धाडायचे, त्याला सरकारी भाकरी घालायची, मग समितीची बैठक बोलवायची आणि शेवटी सरकारनेच सरकारला दंड भरून त्याला बाहेर काढायचे! या उरफाट्या कारभाराला औदार्य म्हणायचे की वेडेपणा?

कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात या सगळ्यावर भाषेचाही पडदा आहे. हुकूम कानडीत, आरोपी मराठी. आपल्याला किती दंड झाला हे त्याला शिपायाच्या बोटांवरून कळते. हा कानडीचा द्वेष नव्हे. त्याच कोर्टात उभ्या असलेल्या अडाणी कानडी धनगरालाही कायद्याची ती भाषा तितकीच परकी आहे. दोघांनाही त्यांच्या बोलीत समजावून सांगणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कलम ४६४ मधल्या ‘देऊ शकते’च्या जागी संसदेने ‘दिलीच पाहिजे’ घालावे. तोवर प्रत्येक दंडाधिकाऱ्याने दंड सुनावताना मुदतीची सोय तोंडी सांगावी आणि सांगितल्याची नोंद करावी. तालुका विधी सेवा समितीने कोर्टाच्या दारात मराठी-कानडी छापील अर्ज ठेवावेत. गरिबाकडून जामीनदार न मागता जातमुचलका घ्यावा. आणि खानापूरच्या वकीलबंधूंनो, आठवड्यातला एक तास या अर्जांना द्या. सनद नुसती भिंतीवर टांगण्यासाठी मिळालेली नाही.

आणि लोंढेकरांनो, तुम्हीही ऐका. दंड झाला तर ‘पैसे न्हाईत’ एवढे बोलून गप्प बसू नका. ताठ मानेने सांगा: ‘साहेब, कलम ४६४ खाली तीस दिवसांची मुदत किंवा तीन हप्ते द्या.’ ही भीक नाही. हा कायदा आहे, आणि तो तुमचाही आहे.