विश्लेषण : लिनक्समध्ये बंद असलेले ब्राउझर प्लगिन सुरू करता येते का? आणि करावे का?

जावाच्या २६ व्या आवृत्तीतून 'ॲपलेट एपीआय' काढून टाकण्यात आली आणि वेबपानाच्या आत छोटे प्रोग्राम चालवण्याच्या १९९५ पासूनच्या प्रयोगावर पडदा पडला. तरीही जुनी कार्यालयीन पोर्टल आणि जुन्या सर्व्हरची नियंत्रण पाने यांच्यासाठी हे प्लगिन आजही शोधले जाते. जेंटूसारख्या लिनक्स वितरणाच्या पॅकेज मॅनेजरमध्ये हा पर्याय बंद दिसतो, कधी दिसतच नाही. तो सुरू करण्याचे मार्ग आहेत, पण अडथळा बहुतेक वेळा पॅकेज मॅनेजरमध्ये नसतोच. तो कसा, हे समजून घेऊ.

ब्राउझर प्लगिन म्हणजे काय?

येथे एक्स्टेन्शन अभिप्रेत नाही. जाहिराती रोखणारी किंवा पासवर्ड लक्षात ठेवणारी एक्स्टेन्शन ब्राउझरने आखून दिलेल्या मर्यादेत चालतात. प्लगिन हा स्वतंत्र प्रोग्राम असतो. ब्राउझर पानातला एक चौकोन त्याच्या स्वाधीन करतो आणि पुढचे सगळे प्लगिन करते. फ्लॅश, जावा ॲपलेट, पानातच उघडणारी पीडीएफ हे सारे असे चालत असे. नव्वदच्या दशकात नेटस्केप ब्राउझरसाठी तयार झालेल्या या जोडणीला 'एनपीएपीआय' म्हणतात. लिनक्सच्या जगात 'एनएसप्लगिन' हे नाव रुळले, ते नेटस्केपवरूनच.

जेंटूमध्ये हा पर्याय कसा असतो?

बहुतांश लिनक्स वितरणांत सॉफ्टवेअर तयार अवस्थेत मिळते. जेंटूचा पॅकेज मॅनेजर 'पोर्टेज' मात्र मूळ कोड आणून आपल्याच संगणकावर सॉफ्टवेअर बांधतो. त्यामुळे कोणती सुविधा घ्यायची आणि कोणती वगळायची, हे वापरकर्ता ठरवतो. या निवडीच्या बटणांना 'यूज फ्लॅग' म्हणतात. जावाची काही पॅकेजे, 'एव्हिन्स' हा पीडीएफ वाचक यांना 'एनएसप्लगिन' हा फ्लॅग असे. तो सुरू केला, तरच ब्राउझरचा भाग बांधला जाई.

'बंद' म्हणजे नेमके काय?

येथेच बहुतेकांची गल्लत होते. बंद असण्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला, फ्लॅग उपलब्ध आहे, पण निवडलेला नाही. बांधणीपूर्वीच्या यादीत त्याच्यापुढे उणे चिन्ह दिसते.

दुसरा, फ्लॅग 'मास्क' केलेला आहे. म्हणजे ही सुविधा या प्रकारच्या संगणकावर चालत नाही किंवा तिला लागणारे दुसरे पॅकेज उपलब्ध नाही, असे देखभाल करणाऱ्यांनी ठरवून ती झाकली आहे. असा फ्लॅग कंसात दिसतो. वापरकर्त्याने तो निवडला, तरी पोर्टेज त्याकडे दुर्लक्ष करतो.

तिसरा, फ्लॅगच काढून टाकलेला आहे. जुन्या आवृत्तीत तो होता आणि नव्या आवृत्तीच्या बांधणीच्या कृतीतच तो नाही. अपडेटच्या वेळी तोही कंसात दिसतो, मात्र सोबत टक्क्याचे चिन्ह असते.

तो सुरू कसा करतात?

पहिल्या प्रकारात 'इटीसी' फोल्डरमधील 'पोर्टेज'मध्ये असलेल्या 'पॅकेज डॉट यूज' या ठिकाणी पॅकेजचे नाव आणि त्यापुढे फ्लॅग लिहायचा. मग ते पॅकेज पुन्हा बांधायचे. नुसती ओळ लिहून काही बदलत नाही, कारण आधी बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तो भागच नसतो. फ्लॅग संपूर्ण प्रणालीसाठी सुरू न करता एका पॅकेजपुरताच ठेवणे शहाणपणाचे.

दुसऱ्या प्रकारात आधी झाकण काढावे लागते. त्यासाठी त्याच 'पोर्टेज' फोल्डरात 'प्रोफाइल' नावाचा उपफोल्डर लागतो. त्यातील 'पॅकेज डॉट यूज डॉट मास्क' या फाइलमध्ये पॅकेजचे नाव आणि उणे चिन्हासह फ्लॅग लिहायचा. हे उणे चिन्ह फ्लॅग बंद करत नाही, तर मास्क रद्द करते. त्यानंतर पहिल्या प्रकाराप्रमाणे फ्लॅग निवडायचा. मात्र मास्क काढल्यावर बांधणी अयशस्वी झाली, तर जबाबदारी आपली.

तिसऱ्या प्रकारात कोणतीही फाइल बदलून उपयोग नाही. जुन्या आवृत्तीची कृती स्वतःच्या संगणकावर जपून ठेवता येते, पण मग सुरक्षेची अपडेट मिळणे थांबते.

एवढे करून प्लगिन चालेल का?

आजच्या क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये नाही. पॅकेज मॅनेजर प्लगिन बांधून देईल, पण ते ज्या खाचेत बसवायचे ती खाचच ब्राउझरने बुजवली आहे. क्रोमने ती लिनक्सवर मे २०१४ मध्ये ३५ व्या आवृत्तीत बंद केली, तर विंडोज आणि मॅकवर सप्टेंबर २०१५ मध्ये. फायरफॉक्सने मार्च २०१७ च्या ५२ व्या आवृत्तीपासून फ्लॅश सोडून बाकी सगळी प्लगिन नाकारली. जानेवारी २०२१ च्या ८५ व्या आवृत्तीत फ्लॅशही गेले. ओरॅकलने जावाचे ब्राउझर प्लगिन २०१८ मध्ये जावा ११ मधून काढले. 'पेल मून'सारख्या मोजक्या ब्राउझरांनी जुनी जोडणी जपली आहे. म्हणून फ्लॅगच्या मागे लागण्याआधी आपला ब्राउझर प्लगिन स्वीकारतो का, हे पाहावे.

ही सोय काढलीच का?

प्लगिनला संगणकावर वापरकर्त्याइतकेच अधिकार मिळत. त्यात एक भोक सापडले, की केवळ वेबपान उघडल्याने संगणक परक्याच्या ताब्यात जाऊ शके. जानेवारी २०१३ मध्ये जावातील अशा त्रुटीचा गैरवापर सुरू झाला, तेव्हा अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने ब्राउझरमधील जावा बंद करण्याचा सल्ला दिला होता. शिवाय प्लगिनमुळे ब्राउझर अडकत आणि कोसळत. व्हिडीओ, ध्वनी, चित्रांकन ही कामे एचटीएमएल ५ मुळे ब्राउझर स्वतःच करू लागला आणि प्लगिनची गरज आटली.

भारतातील वापरकर्त्यांचा संबंध काय?

ई-निविदा भरणारे ठेकेदार आणि सनदी लेखापालांची कार्यालये यांना हा विषय नवा नाही. यूएसबी टोकनमधील डिजिटल सही पानावर उमटवण्यासाठी भारतातील ई-निविदा पोर्टलवर जावा ॲपलेट लागत असे. ब्राउझरांनी दार लावल्यावर अशा संगणकांवर जुना ब्राउझर आणि जुनी जावा मुद्दाम राखून ठेवण्याची पद्धत पडली. ज्या संगणकावर सहीचे टोकन लागते, तोच सर्वांत कमकुवत राहिला! पुढे मार्ग निघाला, तो वेगळ्या प्रोग्रामचा. जीएसटी पोर्टलसाठीचा 'एमसाइनर' संगणकावर स्वतंत्र चालतो आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो. त्यासाठी प्लगिन लागत नाही.

मग करावे काय?

पीडीएफ वाचायची असेल, तर काहीच करू नये. आजचे ब्राउझर ती स्वतः उघडतात. पोर्टलसाठी प्लगिन हवे असेल, तर त्या पोर्टलचा स्वतंत्र सही प्रोग्राम आला आहे का, हे आधी तपासावे. एखादे जुने यंत्र प्लगिनशिवाय उघडतच नसेल, तर जुना ब्राउझर आणि जुनी जावा एका आभासी संगणकात ठेवावी. त्याला इंटरनेट देऊ नये, फक्त त्या यंत्रापर्यंतच पोहोचू द्यावे. बँकेचे व्यवहार आणि ईमेल तेथून कधीच करू नयेत.

पोर्टेज वापरकर्त्याला निवडीचे स्वातंत्र्य देतो, ही त्याची ताकद आहे. मात्र हे प्लगिन सुरू करण्याची गरज नागरिकाला पडते, तेव्हा बदल त्याच्या संगणकात नव्हे, तर त्या पोर्टलमध्ये व्हायला हवा. दहा वर्षांपूर्वी बंद झालेले तंत्र मागणाऱ्या संकेतस्थळाची किंमत प्रत्येक वापरकर्त्याने आपली सुरक्षा गहाण ठेवून मोजू नये.