वादळानंतर विमा कंपनीच टिकली नाही तर?

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगत सरकले आणि तारकर्ली-देवबाग पट्ट्यातली घरे, माड, होड्या, विजेचे खांब एकाच तडाख्यात सापडले. गाडीचा अपघात एकेकट्याला गाठतो. वादळ मात्र एकाच कंपनीच्या शेकडो विमेदारांना एका रात्रीत गाठते. हा बोजा एकटीला पेलवणारा नसतो, म्हणून विमा कंपनी जोखमीचा वाटा पुनर्विमा कंपन्यांकडे सोपवते. प्रत्येक पॉलिसीच्या जोखमीचा ठरावीक वाटा, 2022-23 पासून चार टक्के, मुंबईच्या 'जीआयसी री' या सरकारी कंपनीला द्यावाच लागतो. पण हा करार दोन कंपन्यांमधला. किनाऱ्यावर न्याहारी-निवास चालवणाऱ्या विमेदाराला पुनर्विमा कंपनीकडे थेट दावा करता येत नाही, आणि त्याची स्वतःची कंपनी बुडाली तर पुनर्विम्याचे पैसे तिच्या दिवाळखोरीच्या हिशेबात जमा होतात.

विमा नियामक 'इर्डाई' कंपन्यांकडून दीडपट सॉल्व्हन्सी, म्हणजे देणी भागवण्याची क्षमता, मागते, परदेशी पुनर्विमा कंपन्यांची पतही तपासते. हे नियम आवश्यकच आहेत, पण ते बुडण्याआधीचे. नंतरची सोय आपल्याकडे नाही. बँकांच्या ठेवीदारांसाठी ती आहे: 2019 मध्ये अडचणीत आलेल्या पीएमसी बँकेचे खातेदार रस्त्यावर आले आणि पुढच्याच वर्षी ठेवींचे संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेले. घर आणि लहान व्यवसायाच्या विमेदारांसाठी तसा हमी निधी कायद्याने उभारला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. फ्लोरिडात 1992 च्या अँड्र्यू वादळानंतर अनेक विमा कंपन्या कोसळल्या, तेव्हा त्यांच्या विमेदारांचे दावे तिथल्या हमी संस्थेने भागवले.

यावर म्हटले जाते की, आपल्याकडे सरकार कंपनी बुडू देत नाही. खरे आहे, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तीन सरकारी कंपन्यांना केंद्राने 2019-20 ते 2021-22 या काळात 17,450 कोटी रुपये दिले. पण हा करदात्यांचा पैसा होता, आणि खासगी कंपनीच्या विमेदाराला असा आधार मिळेलच याची कुठलीही कायदेशीर हमी नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: निधी असला की कंपन्या बेफिकीर होतील, स्वस्तातला कच्चा पुनर्विमा घेतील. त्याला उपाय कंपन्यांनी या निधीत भरायच्या वर्गणीच्या दरात आहे. पुनर्विमा दुबळा असेल किंवा सॉल्व्हन्सी घसरली असेल, त्या कंपनीकडून जास्त वर्गणी घ्यावी, आणि ती हप्त्यात न घालता भागधारकांच्या नफ्यातून वसूल करावी.