वारसदाराला वेळ द्या

अमेरिकन फुटबॉलचा मोसम संपला की संघांच्या व्यवस्थापकांची परीक्षा सुरू होते. एप्रिलमधल्या ड्राफ्टमध्ये संघ महाविद्यालयीन खेळाडूंना आळीपाळीने निवडतात आणि सगळ्यांचं लक्ष क्वार्टरबॅककडे असतं. कारण आक्रमणाची जवळपास प्रत्येक चाल त्याच्याच हातून घडते. २०२० साली ग्रीन बे पॅकर्सने अ‍ॅरन रॉजर्ससारखा मातब्बर क्वार्टरबॅक संघात असताना, अदलाबदल करून वरचा क्रमांक मिळवला आणि २६वी निवड म्हणून जॉर्डन लव्हला घेतलं. रॉजर्सला चांगला झेलकरी द्यायचं सोडून त्याचा वारसदार कशाला आणला, म्हणून चाहते खवळले. रॉजर्सने त्या मोसमात आणि पुढच्याही मोसमात सर्वोत्तम खेळाडूचा किताब पटकावला. लव्ह मात्र तीन वर्षं बाकावर बसून शिकत राहिला. २०२३मध्ये रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडे गेला आणि त्याच मोसमात लव्हच्या संघाने बाद फेरीत डॅलसच्या संघाला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ असं हरवलं. त्याच २०२३मध्ये कॅरोलायना पँथर्सने डी. जे. मूरसारखा खेळाडू आणि पुढच्या निवडींचे हक्क शिकागोच्या संघाला देऊन क्वार्टरबॅक ब्राइस यंगला पहिल्या क्रमांकावर घेतलं, पहिल्या सामन्यापासून खेळवलं आणि दुसऱ्या मोसमात दोन सामन्यांनंतर बाकावर बसवलं. दुबळ्या संघाचं ओझं नवख्याच्या खांद्यावर टाकायचं आणि तो वाकला की दोष त्यालाच द्यायचा, हा अन्याय आहे. गुणी मुलगा निवडणं हे निम्मंच काम. त्याला घडायला अवधी आणि भक्कम साथीदार देणं ही निवडणाऱ्यांचीच जबाबदारी आहे.