वाफसा थांबत नाही, फेज मात्र जातो

नगर रस्त्यावर शिक्रापूरच्या पश्चिमेला सणसवाडी, पूर्वेला रांजणगाव. दोन्हीकडच्या कारखान्यांची थ्री फेज घड्याळ पाहून येत-जात नाही. तिथून उत्तरेला पाबळ, कान्हूरच्या जिरायती पट्ट्यात वळले की वस्त्यांवर शेतीच्या फीडरची लाईट लागते. थ्री फेज आठ तासांच्या आसपास; सौर वाहिनी आली तिथे दिवसा, नाही तिथे पाळीने, कधी भर रात्री. उरलेल्या वेळी पुष्कळ ठिकाणी सिंगल फेज. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण लेथ फिरत नाही. इंडिया आणि भारत यांच्यातली सीमा कुणाला पाहायची असेल तर ती वस्तीवरच्या डी.पी.वर पाहावी.

गुजरातने २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत गावाचा आणि शेतीचा फीडर वेगळा केला. महाराष्ट्रातही गावठाण फीडर वेगळे झाले. गावठाणात उजेड आला, ते चांगलेच झाले. पण कागदावर आखणी करणाऱ्यांनी वस्तीवरची मोटर म्हणजे विहिरीवरचा पंप एवढेच धरले. शेतकऱ्याचा पोरगा वस्तीवर लेथ बसवील, डाळमिल घालील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. वेल्डिंग, वायरिंग, शेती हाताने करीत शिकायचे, ही तिथली पद्धत. असे शिकलेल्या पोराने वस्तीवर दुकान घातले की पहिली गाठ फेजशी पडते. शरद जोशींनी १९९१ साली शेगावला चतुरंग शेती मांडली. तिच्यातली माजघर शेती म्हणजे घरच्या मालावर घरीच प्रक्रिया. ती काय जात्यावर करायची?

यात नुकसान फक्त दुकानदाराचे नाही. रब्बी ज्वारीला हस्ताच्या पावसानंतरचा वाफसा मोजून काही दिवसांचा. त्यात तिफणीचा फण तुटला, पेरणी यंत्राचा दांडा गेला आणि लेथवाला म्हणाला, रात्री लाईट आल्यावर बघू, की ओल खाली गेलीच. कपाशीवाल्याला डवऱ्याच्या पासेबद्दल वेगळे सांगायला नको.

म्हणून पोरे जुगाड करतात, आणि त्यांना चोर म्हणणे आम्हाला मान्य नाही. पण जुगाड समजून करावा. थ्री फेज मोटर नुसत्या दोन तारांवर जोडली तर हुं हुं करते, जागची हलत नाही. तिसऱ्या टोकाला कपॅसिटरमधून करंट दिला की ती फिरते, पण तिची ताकद साधारण दोन तृतीयांश उरते आणि वाइंडिंग तापते. तीन एच.पी.पर्यंतच्या मोटरी बहुधा स्टारमध्ये जोडलेल्या असतात. सहा टोके बाहेर असतील तर त्या डेल्टात बदलून २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर नीट चालतात. लेथला हा उपाय सगळ्यात चांगला, वेगही हवा तसा ठेवता येतो. त्याहून मोठी मोटर मुळातच ४१५ व्होल्टला डेल्टात असते. तिला २३० दिले तर जोर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. तिथे कपॅसिटर लावून पैसे जाळू नयेत. वेल्डिंगला तर आता सिंगल फेजचे इन्व्हर्टर मशिन मिळते, त्यासाठी भांडायचे कारण उरलेले नाही.

दुसरी बाजूही ऐका. पाच एच.पी.ची मोटर थ्री फेजवर दर तारेतून सात-साडेसात अँपिअर घेते. तेच काम एका फेजवर घ्यायचे तर तेवीस-चोवीस लागतात. वस्तीवर दहा जणांनी पंपांना कपॅसिटर लावले की एकाच फेजवर सगळा बोजा पडतो आणि डी.पी. जळते. मग नवी येईपर्यंत गुरांच्या पाण्यासकट सगळे ठप्प. जो आपल्या शेजाऱ्याची लाईट घालवतो, त्याच्या जुगाडाची बाजू आम्ही घेणार नाही.

आणि शेतीपंपाच्या जोडणीवर लेथ चालवला तर वीज कायदा २००३ चे कलम १२६ आहेच. मंजूर कामाऐवजी दुसरा वापर, म्हणून दुप्पट दराने आकारणी. म्हणजे थ्री फेजची स्वतंत्र जोडणी मागितली तर वस्तीला तोच आठ तासांचा फीडर, आणि आहे त्यावर काम केले तर गुन्हेगार.

साडेसात एच.पी.पर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून बिल माफ झाले. दुकानाला माफी नको. मीटर लावा, दर लावा, बिल वसूल करा, पण गावठाण फीडरची थ्री फेज वस्तीपर्यंत ओढा. खांब आणि तारेचा खर्च सरकारला जड वाटत असेल तर निदान जिथे तीन-चार दुकाने एकत्र आहेत तिथून सुरुवात करा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने कागद आणावा: वस्तीवरची दुकाने, गिरण्या, डाळमिल किती, मोटरीच्या पाटीवर एच.पी. किती, जोडणी कोणत्या नावाने, आणि गावठाण फीडरचा शेवटचा खांब तिथून किती लांब. अंतर अंदाजाने नको, मधे किती खांब लागतील ते चालत जाऊन मोजून लिहावे.