रुमाल टाकून मसलूल अडवता येत नाही

आमच्या गावी सध्या एक अर्ज फिरत आहे. इरियाच्या ब्रेखेत सकाळी सात ते नऊ या वेळात एक मसलूल भारतातून आलेल्या पेन्शनर मंडळींसाठी राखून ठेवावा आणि त्यात इतर कोणास शिरू देऊ नये, अशी मागणी त्यात केली आहे. अर्जावर तीस-पस्तीस सह्या झाल्या आहेत. माझ्याकडे तो तीन वेळा आला व तिन्ही वेळा मी तो सही न करता परत पाठविला. त्यावर "सिस्टरबाईंना आता आपली माणसे नकोशी झाली" असे काही घरांतून बोलले गेल्याचे कानावर आले. तेव्हा सही का केली नाही, हे एकेकाला दारात उभे राहून सांगण्यापेक्षा येथेच सर्वांना सांगावे असे ठरविले. गावाचे नाव मुद्दाम घालीत नाही. इतर गावांतील नातलगांशी फोनवर बोलताना हेच गाऱ्हाणे ऐकू येते.

प्रथम हे सांगते की आपल्या मंडळींची तक्रार खोटी नाही. कामावर जाण्यापूर्वी घाईघाईने येणारी तरुण पोरे पाण्यात शिरली की मोटारबोट शिरल्यासारखे वाटते. मनगटावर घड्याळ, हातांना प्लास्टिकचे पंजे, आणि समोर सत्तर वर्षांची बाई असली तरी वेग म्हणून कमी करायचा नाही. "साव्ता, झूझी!" आजी, सरक! एवढे ओरडले की ह्यांचे कर्तव्य संपले. सणाच्या दिवशी सिनेगॉगमध्ये लहानथोर जिच्याशी हातबोशी करतात, त्या बाईला हे शब्द झोंबणारच. ह्या पोरांना मी तोंडावर सुनावले आहे आणि पुढेही सुनावीन.

परंतु आता आपल्या बाजूकडे वळू. सकाळी साडेसातला आमच्या ब्रेखेवर येऊन पाहा. तीन बायका एका मसलूलात हातात हात घालावेत तशा ओळीने पाण्यातून चालत आहेत. गोष्टी चालल्या आहेत मासळीच्या भावाच्या आणि कोणाच्या मुलीचे कुठे जमले त्याच्या. चौघेजण भिंतीला पाठ लावून ओट्यावर बसल्यासारखे उभे आहेत. पोहत आलेल्या माणसाला वळायला भिंत लागते, ही गोष्ट त्यांच्या गावीही नाही. आणि जी मंडळी अजून कपडे बदलीत आहेत, त्यांच्या सपाता आणि टॉवेल मसलूलाच्या तोंडाशी अगोदरच मांडून ठेवलेले आहेत. हा प्रकार मला चांगला ओळखीचा आहे. एस.टी. स्टँडवर गाडी लागली रे लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, आणि मग कोणी बसू लागला तर "जागा धरलेली आहे" म्हणून भांडायचे. अलिबाग-पेणच्या गाडीत ते चालून गेले असेल. येथे ब्रेखा सर्वांच्या अर्नोनाच्या पैशांतून चालते आणि तिकीट प्रत्येकाने सारखेच काढलेले असते.

आपल्या पिढीला मसलूलाची सवय नाही, ह्याचे कारण उघड आहे. कोकणात आपले पुरुष पोहायला शिकले ते विहिरीत, पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून, नाहीतर खाडीत व समुद्रात. तेथे ज्याची उडी त्याची जागा. मुलींना तर बहुधा कोणी शिकविलेच नाही. मी स्वतः पोहायला शिकले ती ह्या देशात आल्यावर, चाळिशी उलटल्यानंतर. तालमूदमध्ये बापाची कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत मुलास पोहायला शिकवावे असेही काहींचे मत नोंदले आहे, कारण त्यावर त्याचा जीव अवलंबून असतो. मुलींचा उल्लेख तेथे नाही. ती उणीव आपण आता भरून काढली आहे हे चांगलेच झाले. पण पोहणे शिकविताना पाण्यात दुसऱ्याबरोबर कसे राहावे, हे आपणास कोणी शिकविले नाही.

ते काही फार अवघड शास्त्र नाही. शर्यतीच्या तलावात एक मसलूल अडीच मीटर रुंद असतो. गावोगावच्या ब्रेखांत कधी त्याहून कमी. दोघेजण असतील तर मध्ये तळाला जी काळी रेघ असते तिच्या एकेका बाजूला राहून दोघांनाही सुखाने पोहता येते. तिसरा आला की ही वाटणी मोडते. मग सर्वांनी चक्राकार पोहायचे: जाताना आपल्या उजव्या हाताला, येतानाही आपल्या उजव्या हाताला, रस्त्यावर आपल्या मोटारी चालतात तसे. तिसऱ्याने उतरण्यापूर्वी आतल्या दोघांना खूण करावी आणि त्यांनीही लगेच रीत बदलावी. थांबायचे असेल तर कोपऱ्यात अंग चोरून उभे राहावे व मधली भिंत मोकळी ठेवावी. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा आला की आपण मुकाट्याने सरकत होतो. पाण्यातही त्याहून अधिक काही करावे लागत नाही.

मसलूल वयावरून वा भाषेवरून न वाटता वेगावरून का वाटावा, हे थोडा हिशेब केला तर समजते. एक माणूस जाऊन-येऊन पन्नास मीटर एका मिनिटात काढतो आणि दुसऱ्याला दोन मिनिटे लागतात, असे धरा. दोघे एकाच मसलूलात असले तर जलद माणूस दर दोन मिनिटांनी हळू माणसाला गाठणार, म्हणजे अर्ध्या तासात पंधरा वेळा. पंधरा वेळा एकाला अडखळावे लागणार आणि दुसऱ्याच्या छातीत धस्स होणार. ह्यात दोघांचाही दोष नाही. दोष जागेचा आहे. उलट सारख्या वेगाची चार माणसे दहा-दहा सेकंदांच्या अंतराने निघाली तर एकमेकांस स्पर्शही होत नाही. आता आपल्या अर्जाकडे पाहा. पेन्शनर म्हणजे सारखा वेग थोडाच? आमच्यातले एक गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत व तिशीतल्या मुलांना मागे टाकतात, आणि त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान असलेल्या त्यांच्या मेहुणीला एक फेरी मारायला दोनदा थांबावे लागते. दोघांना एका राखीव मसलूलात कोंडून काय साधणार? उद्या ही दोघेच आपसांत भांडतील, आणि तेही मराठीतून!

"पण वडीलधाऱ्यांचा काही मान आहे की नाही?" असे मला विचारले गेले. आहे. घरात आहे, पंक्तीत आहे, बसमध्ये जागा देताना आहे. पाण्यात मात्र मागून येणाऱ्याला पुढच्याचे पांढरे केस टोपीखाली दिसत नाहीत. त्याला दिसतात फक्त तळवे. आणि तळव्यांवरून आठवले. मागचा माणूस पुढच्याच्या पायाला हलकेच बोट लावतो, ह्यावरून आमच्याकडे दोन भांडणे झाली. "मेल्याने पायाला हात लावला" म्हणून एक काकी तीन दिवस आल्या नाहीत. ती पोहणाऱ्यांची जगभरची सभ्य खूण आहे. मला पुढे जायचे आहे, भिंतीशी पोचलात की क्षणभर थांबा, एवढाच तिचा अर्थ. थांबावे, त्याला जाऊ द्यावे, आणि मग आपण निघावे. ह्यात कोणाचा अपमान होत नाही. "साव्ता, झूझी" म्हणून ओरडण्यापेक्षा बोट लावणे शतपटीने बरे, आणि त्या पोरांना मी तेच सांगते.

दुसरा युक्तिवाद असा की पोहण्याच्या क्लबला मसलूल मिळतो, बायकांसाठी वेगळे तास असतात, मग आपणच काय पाप केले? क्लब पैसे भरून ठरावीक तास घेतो व त्याचे वेळापत्रक दारावर लावलेले असते. बायकांच्या तासाला कोणत्याही देशाची बाई येऊ शकते. आपली मागणी तशी नाही. आपण म्हणतो, अमक्या देशातून आलेल्यांनीच ह्या दोरीच्या आत यावे.

हे वाचताना माझा हात खरोखर थांबला. सन १९६२ मध्ये येथील मुख्य रब्बीनतने लग्नाच्या बाबतीत बेने इस्राएलांसाठी वेगळे नियम काढले, पूर्वजांची चौकशी लावली. तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी काय मागितले? आम्हाला वेगळी वही नको, इतरांना जो नियम तोच आम्हाला लावा, हे मागितले. सन १९६४ च्या उन्हाळ्यात त्यासाठी माणसे जेरुसलेममध्ये मुलाबाळांसह धरणे धरून बसली, आणि त्याच वर्षी क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत असा ठराव केला. मी तेव्हा भारतात होते व अगदी लहान होते, पण ह्या देशात आल्यावर त्या धरण्यात बसलेल्यांच्या तोंडून सर्व ऐकले आहे. आता त्यांच्याच मुलांनी इरियाकडे जाऊन "आम्हाला वेगळी दोरी बांधून द्या" म्हणावे? आज आपण मागितली म्हणून मिळेल. उद्या दुसरा कोणी मागेल की ह्या लोकांनी त्यांच्याच दोरीच्या आत राहावे, तेव्हा आपण कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

आता मी ज्या धंद्यात आयुष्य घालविले त्यातले थोडे. मसलूलाची भांडणे म्हणजे वेळ घालविण्याची करमणूक नव्हे. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आपले दोघे आणि एक तरुण ह्यांची अशीच जुंपली. मत्सील खुर्चीवरून उतरून त्यांना सोडवायला आला. तेवढ्यात पलीकडच्या उथळ भागात एक सहा-सात वर्षांची मुलगी पाण्याखाली गेली. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने तिला केसांना धरून वर काढले, म्हणून ती वाचली. ओरडली नाही, हात हलविले नाहीत. बुडणारे माणूस सिनेमात दाखवितात तसे क्वचितच ओरडते. ज्याला श्वास घेता येत नाही त्याला हाक कुठून मारता येणार? प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. मत्सीलाचे काम पाण्यावर नजर ठेवण्याचे आहे. आपली पंचायत मिटविण्यासाठी त्याला खाली बोलाविणे म्हणजे तेवढा वेळ सर्व ब्रेखा वाऱ्यावर सोडणे होय. ते दोघे आपले आजही म्हणतात की सुरुवात त्या पोराने केली. असेल.

उथळ बाजूने सूर मारणाऱ्यांबद्दल एवढेच सांगते की मानेचा मणका मोडून कायमचे अंथरुणाला खिळलेले तरुण मी पाहिले आहेत. भरलेल्या मसलूलात तर कोणीच उडी मारू नये; काठावर बसावे, आतल्यांची नजर पडू द्यावी आणि पाय खाली सोडून उतरावे.

चालणाऱ्या बायकांनी चालूच नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. गुडघेदुखीवर पाण्यात चालण्यासारखा उपाय थोडा. कंबरेपर्यंतच्या पाण्यात पायांवरचा भार जवळजवळ निम्मा होतो, म्हणून जी बाई जिन्यावर कण्हते ती पाण्यात अर्धा तास चालते. पण त्यासाठी उथळ भाग हवा, पोहण्याचा मसलूल नव्हे. आणि ज्यांचे हृदय अशक्त आहे त्यांनी गळ्यापर्यंतच्या पाण्यात डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नये. पाण्याच्या दाबाने पायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते, ते साधारण सातशे मिलिलीटरपर्यंत असते, आणि थकलेल्या हृदयाला एवढा पाहुणा एकदम झेपत नाही. राखीव मसलूल आमच्याकडे जो मागितला आहे तो नेमका खोल बाजूला जाणारा आहे. अर्ज लिहिणाऱ्याने हा विचार केलेला दिसत नाही.

अंघोळीचेही सांगायला हवे, कारण त्यावरूनही आपल्याकडे बोट दाखविले जाते. ब्रेखेचा जो उग्र वास डोळ्यांना झोंबतो, तो औषध जास्त पडल्याचा आहे असे पुष्कळांना वाटते. क्लोरीन जेव्हा घाम, लघवी व अंगावरचा मळ ह्यांच्याशी मिसळते तेव्हा तो वास सुटतो. म्हणून अगोदर साबण लावून नीट अंघोळ करायची. नळाखाली नुसते डोके ओले करून येणे ही अंघोळ नव्हे. केसांना टोपी हवी. आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत हे खरे, पण म्हणून वेणीतले खोबरेल ब्रेखेत आणावे असे नाही. आणि जुलाब होत असताना, व थांबल्यावरही काही दिवस, पाण्यात उतरू नये. त्यातले काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस जिवंत राहतात.

मी दुसरा अर्ज लिहिला आहे. प्रत्येक मसलूलाच्या तोंडाशी हळू, मध्यम, जलद अशी पाटी असावी व फिरण्याची दिशा दाखविणारा बाण असावा. पाटी हिब्रू, रशियन, अम्हारिक व अरबी भाषांत असावी. मराठीची गरज नाही, बाण आपल्याला समजतो. उथळ बाजूला दोरी बांधून चालणाऱ्यांसाठी पट्टा करावा व तो कोणत्याही वयाच्या, कोणत्याही देशाच्या माणसास खुला असावा. लोखंडी उभ्या शिडीऐवजी कठडा असलेल्या रुंद पायऱ्या कराव्यात, कारण ती शिडी चढताना आपल्या निम्म्या मंडळींच्या गुडघ्यांचे हाल होतात आणि ह्याबद्दल पहिल्या अर्जात एक अक्षर नाही. गर्दीच्या वेळी हातांत पंजे घालण्यास बंदी असावी.

ह्या अर्जावर आतापर्यंत नऊ सह्या आहेत. त्यांतल्या दोन रशियन बायांच्या आहेत व एक इथिओपियाहून आलेल्या गृहस्थांची. कागद माझ्या घरी आहे. ज्यांना सही करावयाची असेल त्यांनी येताना चष्मा आणावा आणि आधी वाचावा. पहिल्या अर्जावर किती जणांनी न वाचता सही केली आहे, हे मला पक्के ठाऊक आहे.