काचेच्या पेटीतील निळा कोळी

मुरारराव घोरपड्यांच्या गुत्ती गावी, रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत, १८९९ साली एक निळा टॅरंटुला कोळी सापडला. लाकडांबरोबर आलेला तो पाहुणाच असावा. कारण त्याचे घर दूर, आंध्र प्रदेशातील नंद्याल व गिद्दलूर यांमधील अरण्यात, जुन्या झाडांच्या ढोलींत आहे. त्याच्या रूपावर लुब्ध होऊन युरोप-अमेरिकेतील हौशी लोक त्यास काचेच्या पेटीत पाळतात आणि त्याची पैदासही करतात. ‘यामुळे ही जात वाचते,’ असे त्यांचे म्हणणे. ते अर्धेच खरे आहे. रानातील कोळी पकडून आणण्याची गरज कमी होते, एवढे मान्य करावे. परंतु ढोल पडण्याइतके झाड जुने होण्यास पुष्कळ वर्षे लागतात, आणि तीच झाडे सरपणासाठी तुटत आहेत. पेटीत जन्मलेली पिले मग कोणत्या ढोलीत सोडावयाची?