युरोपीय रग्बी : निकष गुणवत्तेचा, वाद वाट्याचा

युरोपातील क्लब रग्बी स्पर्धेत प्रवेश कोणाला आणि उत्पन्नात वाटा किती, हे दोन प्रश्न स्पर्धेच्या जन्मापासून चर्चेत आहेत. १९९५ साली सुरू झालेल्या हाइनकेन चषकाच्या पहिल्या हंगामात इंग्लंड व स्कॉटलंडचे संघ नव्हते. १९९८-९९ मध्ये इंग्लिश क्लबांनी स्पर्धेवर बहिष्कार टाकला.

खरा पेच निर्माण झाला तो जून २०१२ मध्ये. इंग्लंड व फ्रान्सच्या क्लबांनी २०१३-१४ च्या हंगामानंतर करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. आपल्या संघांना लीगमध्ये वरचे स्थान मिळवून पात्र व्हावे लागते; मात्र आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड व इटली यांच्या संयुक्त प्रो-१२ लीगमधील १२ पैकी किमान १० संघांना प्रवेश मिळतो आणि उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक हिस्साही त्याच लीगकडे जातो, अशी त्यांची तक्रार होती.

दुसरी बाजूही दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. स्कॉटलंड व इटलीचे प्रत्येकी दोनच संघ या लीगमध्ये होते. युरोपीय स्पर्धेतून मिळणारा पैसा हा या देशांतील व्यावसायिक रग्बीचा मोठा आधार होता. शिवाय २०१२ चा अंतिम सामना लिन्स्टर व अल्स्टर या दोन आयरिश संघांमध्येच झाला होता. मात्र पात्रतेची चिंता नसल्याने आयरिश संघ लीगमध्ये प्रमुख खेळाडूंना विश्रांती देऊ शकतात, असा प्रतिवाद इंग्लंडकडून होत असे.

सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लिश क्लबांनी बीटी कंपनीशी १५ कोटी २० लाख पौंडांचा प्रक्षेपण करार केला आणि वाद अधिकच चिघळला. कारण त्यात युरोपीय सामन्यांचाही समावेश होता, तर आयोजकांनी ते हक्क स्काय वाहिनीला दिले होते.

अखेर एप्रिल २०१४ मध्ये तोडगा निघाला. संघांची संख्या २४ वरून २० वर आली, उत्पन्न तिन्ही लीगमध्ये समान वाटण्याचे ठरले आणि प्रो-१२ मधील प्रत्येक देशाच्या किमान एका संघाला स्थान राखले गेले. सामन्यांचे प्रक्षेपण दोन्ही वाहिन्यांमध्ये विभागले गेले.

पुढे काळाने या वादाला वेगळेच वळण दिले. स्पर्धा पुन्हा २४ संघांची झाली आणि प्रत्येक लीगला आठ जागा मिळाल्या. दक्षिण आफ्रिकेचे संघ आल्याने संयुक्त लीग १६ संघांची झाली. इंग्लंडमध्ये मात्र वूस्टर, लंडन आयरिश आणि दोन वेळा युरोपचे विजेतेपद मिळवणारा वॉस्प्स हे क्लब २०२२ व २०२३ मध्ये आर्थिक संकटामुळे लीगबाहेर गेले. परिणामी २०२३-२४ च्या हंगामात इंग्लंडच्या दहापैकी आठ संघांना प्रवेश होता, तर संयुक्त लीगच्या १६ पैकी आठच संघांना.

ज्या सैल पात्रतेविरुद्ध इंग्लिश क्लबांनी २०१२ मध्ये आवाज उठवला, तीच आता त्यांच्या वाट्याला आली. गुणवत्तेचा आग्रह तत्त्वतः योग्यच होता. मात्र आर्थिक पाया डळमळीत असेल, तर केवळ पात्रतेचे नियम कडक करून स्पर्धेचा दर्जा टिकत नाही, हेच या घडामोडींवरून स्पष्ट होते.